गंज तिसऱ्या दिवशी परत का येतो: जुनी नंबर ४ टी रायफल आणि तिची दुर्बीण

रविवारी नळी साफ केली, फडकं पांढरं निघेपर्यंत. तेलाचा हात दिला आणि रायफल कपाटात ठेवली. बुधवारी सहज म्हणून कोरडं फडकं नळीतून ओढलं तर ते नारिंगी होऊन बाहेर आलं. पुन्हा सफाई, पुन्हा तेल, आणि शनिवारी पुन्हा तोच रंग. असं मी सहा आठवडे करत होतो. त्याच सुमारास दुर्बिणीच्या आतलं धुकं दोनदा गेलं आणि दोनदा परत आलं. शंभर यार्डांवर जमवलेला नेम पुढच्या खेपेला भलतीकडेच सापडायचा, तो त्रास वेगळाच.

जुनी लष्करी रायफल ज्यांनी पडीक अवस्थेत घेतली आहे, त्यांना यातला एखादा तरी अनुभव आला असेल. माझ्याकडे तिन्ही एकदम आले. कारण मात्र एकाही दोषाचं तो दिसत होता त्या जागी नव्हतं, म्हणून ते शोधायला इतका वेळ गेला. तो वेळ तुमचा वाचावा म्हणून सगळं तपशिलात लिहितो आहे.

आधी रायफल कोणती ते सांगतो. मी बर्मिंगहॅमला राहतो. ही ली-एनफिल्ड नंबर ४ मार्क १ टी, १९४४ सालची. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली जी ‘थ्री नॉट थ्री’, तिच्याच घराण्यातली. पण ‘टी’ म्हणजे टेलिस्कोपवाली, निवडक नेमबाजांसाठी काढलेली. कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या नंबर ४ रायफलींपैकी ज्यांचा नेम चांगला भरायचा त्या बाजूला काढून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदुका बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवत. तिथे दुर्बिणीची बैठक बसवली जाई, दस्त्यावर गाल टेकायला लाकडी उंचवटा लावला जाई आणि दुर्बीण त्याच रायफलीशी जुळवली जाई. माझ्या रायफलीवर एम ४७ सी असा शिक्का आहे, म्हणजे बीएसएचा (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीचा) शर्लीचा कारखाना. युद्धकाळात कारखान्यांची नावं शिक्क्यात उघड येऊ नयेत म्हणून असे संकेत वापरत. शर्ली माझ्या घरापासून बसच्या अंतरावर आहे. ज्या गावात ती घडली त्याच गावात तिची दुरुस्ती आपल्या हातून व्हावी, याचं मला मनापासून अप्रूप वाटलं.

दस्त्याच्या खालच्या अंगाला एस ५१ हा शिक्का दिसला तर तो हॉलंड अँड हॉलंडचा संकेत. मनगट जिथे बसतं तिथे दस्त्याच्या वरच्या बाजूला एक आकडा ठोकलेला असतो, तो दुर्बिणीचा. आणि दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवर रायफलीचा आकडा असतो. हे तिन्ही आकडे आधी कागदावर उतरवून घ्या. जुळत असतील तर ती जोडी फोडू नका, कितीही चांगली दुसरी दुर्बीण स्वस्तात मिळाली तरी. पुढे नेम भटकण्याचा मुद्दा येईल तिथे याचं कारण कळेल.

कायद्याबद्दल दोन शब्द, कारण हे न लिहिता पुढे जाणं बरोबर नाही. ब्रिटनमध्ये अशी रायफल फायरआर्म सर्टिफिकेटवर, त्या विशिष्ट रायफलीची नोंद होऊनच घरात येते. ही आमच्या नेमबाजी क्लबातल्या एका दिवंगत सभासदाची. परवानाधारक विक्रेत्यामार्फत माझ्या नावावर आली. भारतात ३०३ हा प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे, सामान्य परवान्यावर मिळत नाही. त्यामुळे तिकडच्या वाचकांनी यातला नळीचा भाग माहिती म्हणून वाचावा. दुर्बीण आणि लाकडाचा भाग मात्र आजोबांच्या जुन्या दुर्बिणीला, कॅमेऱ्याच्या भिंगाला, अगदी देव्हाऱ्यालाही तसाच लागू पडतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या रायफलीच्या मागच्या माशीवर जवळच्या पल्ल्यासाठीचं जे मोठं भोक साध्या नंबर ४ वर असतं, ते इथे घासून काढलेलं असतं. दुर्बिणीला आड येतं म्हणून मुद्दाम काढलेलं. ते ‘तुटलंय’ समजून बदलणारे लोक मी पाहिले आहेत. बदलू नका.

नळीतला गंज

मी काय करत होतो ते बघा. बाजारात मिळणारं चांगलं सफाईचं द्रावण, पितळी ब्रश, मग फडकी, शेवटी तेल. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सगळं. एकदा दुकानातही दिली. तिथून चकचकीत होऊन आली आणि पाचव्या दिवशी फडकं नारिंगी.

बाबांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाली. रविवारी फोनवर त्यांना सहज सांगितलं, तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पाणी घातलंस का?” मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. गंजलेल्या लोखंडात पाणी? ते म्हणाले, “अरे, फोडणीच्या तेलात मीठ टाकलं तर विरघळतं का? तळाशीच बसतं ना?”

सगळं उत्तर त्या एका वाक्यात होतं. जुन्या लष्करी काडतुसाच्या बुडाशी जी कॅप असते, तिच्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असायचं. घाव बसला की ते पेटतं आणि मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं. आपल्या जेवणातल्या मिठाचं सख्खं भावंड. प्रत्येक गोळीबरोबर त्याचा बारीक थर नळीभर बसतो. हवेतली आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, आणि इंग्लंडच्या हिवाळ्यात तेवढी आर्द्रता नवलाची नाही. मीठ तेलात विरघळत नाही, आणि सफाईची बहुतेक द्रावणंही तेलाच्याच जातीची. मी दर खेपेला गंज काढत होतो, आणि मिठावर तेलाचं पांघरूण घालून ते नळीतच ठेवत होतो. तेलाखाली मीठ पुन्हा ओलं व्हायचं, आणि तिसऱ्या दिवशी नारिंगी.

आधीच्या मालकाने तिच्यातून जुन्या साठ्यातली काडतुसं झाडली होती, हे क्लबातल्या लोकांनी नंतर सांगितलं. आजची नागरी वापराची ३०३ काडतुसं बहुतेक अशी नसतात. पण जुन्या रायफलीच्या बाबतीत ‘मी तर नवीच काडतुसं वापरतो’ असं म्हणून चालत नाही. मीठ आधीच्या माणसाचं असतं.

ब्रिटिश लष्कराला हे ठाऊक होतं. उकळतं पाणी नळीत ओतण्यासाठी खास लांब नाकाचं नरसाळं सैन्यात दिलं जायचं. मी तीच पद्धत वापरली, ती अशी.

बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, काढून बाजूला. मॅगझिन काढून बाजूला. काडतुसाच्या खोलीत डोळ्याने पाहून आणि बोट घालून खात्री करा की रिकामी आहे. पुढचं लाकूड उतरवून ठेवा. ते ठेवून पाणी ओतलं तर खालचं लाकूड भिजतं आणि त्याचा गंज महिन्याभराने दिसतो. नळीचं तोंड खाली, बादलीत. नरसाळ्याचं नाक मागून काडतुसाच्या खोलीत नीट बसवा आणि उकळतं पाणी सावकाश ओता. मी प्रत्येक वेळी तीन लिटर ओतलं. हातमोजे घालाच, नळी शेवटी हातात धरवत नाही. पाणी उकळतंच हवं, यामागे दोन कारणं: मीठ झटकन विरघळतं, आणि तापलेली नळी आतलं उरलंसुरलं पाणी स्वतःच वाळवते. कोमट पाणी घातलंत तर दुसरंच दुखणं मागे लावून घ्याल. मग लगेच कोरडी फडकी, नळी गार झाल्यावर तेल.

बोल्टचं डोकं विसरू नका. वायू आणि मीठ मागेही येतं, फायरिंग पिनच्या भोकाभोवती बसतं. माझ्याकडे तिथे मोहरीएवढे तीन खड्डे पडले होते आणि नळीच्या नादात माझं तिकडे लक्षच नव्हतं. तेही उकळत्या पाण्याने धुवा, वाळवा, तेल लावा.

पहिल्या धुण्यानंतर दहा दिवस फडकं स्वच्छ निघालं. मी बाबांना फोटोही पाठवला. अकराव्या दिवशी पुन्हा नारिंगी, पण आता सगळ्या नळीत नाही, पट्ट्यापट्ट्यांत.

हा टप्पा महत्त्वाचा आहे, कारण बरेच जण इथे पाण्याच्या पद्धतीवरचा विश्वास गमावतात. गोळीच्या वरचं धातूचं कवच नळीतल्या खाचांना घासून जातं आणि तांब्याचा पातळ थर मागे सोडतं. त्यावर मीठ, त्यावर पुढच्या गोळीचं तांबं, पुन्हा मीठ. पन्नास वर्षांत असा एकावर एक ढीग साचतो. पाण्याने वरचं मीठ गेलं, तांब्याखालचं राहिलं. मग तांबं काढणारं अमोनियाचं द्रावण घेतलं. डबीवर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवायचं, खिडकी उघडी ठेवून. फडकं निळं-हिरवं निघालं की तांबं निघतंय. नंतर लगेच पुन्हा उकळतं पाणी. अमोनियाने मीठ ‘मरतं’ असा समज पसरलेला आहे; तसं काही होत नाही. अमोनिया तांब्यासाठी, पाणी मिठासाठी. मला पाणी-तांबं-पाणी असा फेरा चार वेळा करावा लागला. तिसऱ्या फेऱ्याला निळा रंग सगळ्यात गडद आला, म्हणजे तोवर मी वरवरच्या थरांतच फिरत होतो.

त्यानंतर फडक्याची तपासणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी केली आणि वहीत लिहून ठेवली. पाचही वेळा पांढरं. ज्या दिवशी रंग दिसेल त्या दिवसापासून पुन्हा एकपासून मोजायचं.

नळी आरशासारखी झाली का? नाही. तोंडाकडचे चार-पाच इंच काळपट आणि खडबडीत राहिले आहेत. जे लोखंड खाल्लं गेलं ते परत येत नाही. एका गृहस्थांनी पॉलिशची पेस्ट घालून घासायला सुचवलं. करू नका. नळीचा व्यास वाढतो आणि खड्डे तसेच राहतात. काळपट नळीची रायफलही नीट मारते, हे पुढे येईलच.

लाकूड आणि लोखंड जिथे भेटतात

बाहेरचा गंज वेगळ्या जातीचा होता. वरून पाहिलं तर रायफल बरी, पण लाकूड उतरवल्यावर नळीच्या बाजूने, लाकडाच्या काठाची रेघ असते तिथे, लाल पट्टा. तो घासला की महिन्याभरात परत यायचा. इथे गुन्हेगार लाकूड. कित्येक वर्षं बाहेरच्या खोलीत राहिल्याने त्याने ओल धरली होती, आणि मी ते प्रत्येक वेळी तसंच परत चढवत होतो. ओलं फडकं लोखंडाला बांधून ठेवावं तसं.

लाकूड वाळलंय की नाही हे हाताला कळत नाही, वजनाला कळतं. स्वयंपाकघरातला काटा घेतला, दर रविवारी वजन लिहिलं. लाकूड उन्हात नाही, हीटरजवळ नाही, घरातल्या साध्या खोलीत आडवं, खाली दोन पट्ट्या देऊन ठेवलं. पाच आठवड्यांत ७० ग्रॅम उतरलं, सहाव्या आठवड्यात काटा हलला नाही. मगच तेल. घाईने वाळवलं तर अक्रोडाला चीर जाते आणि ती नेमकी मागच्या बाजूला, जिथे गोळीचा धक्का लाकूड झेलतं तिथे जाते.

मागच्या भागात लाकूड जुन्या बंदुकीच्या तेलाने काळं आणि मऊ झालेलं होतं. त्यावर खडूची भुकटी ॲसिटोनमध्ये कालवून लेप दिला. वाळताना भुकटी तेल शोषून पिवळी पडते, ती झटकून नवा लेप. सात लेप लागले. ॲसिटोन पेट घेतं, त्यामुळे हे काम बाहेर अंगणात, जवळपास ज्योत नसताना.

मग जवसाचं कच्चं तेल. ब्रिटिश लष्कर हेच वापरायचं. वॉर्निश आणि पॉलियुरेथेन इथे शोभत नाही आणि आतली ओल कोंडतं. एक पातळ हात, तळहाताने चोळून, दुसऱ्या दिवशी उरलेलं पुसून. असे दहाबारा हात, मध्ये दिवस जाऊ देत. आणि हे नीट वाचा: जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. हवेशी संयोग होताना ती आतून तापतात आणि आपोआप पेटतात. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

लोखंडाचा वरचा गंज मी सँडपेपरने घासला नाही. सगळ्यात बारीक पोलादी लोकर आणि तेल, हलक्या हाताने. ट्रिगर गार्ड, पट्ट्या असे सुटे भाग डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळले. लाल गंज उकळला की काळ्या, घट्ट ऑक्साइडमध्ये बदलतो. वरची काजळी लोकरीने झटकली की खाली मूळ रंगाशी जुळणारा काळा थर राहतो. वाळूच्या फवाऱ्याने साफ केलेली रायफल एकदा पाहिली होती, सगळे शिक्के पुसट झालेले. तिची ओळखच गेली होती.

एवढं करूनही गंज परत येत असेल तर ती ठेवता कशात ते बघा. फोमचं अस्तर असलेली पेटी ने-आण करण्यासाठी ठीक, साठवण्यासाठी नाही. फोम ओल धरून ठेवतो. चामड्याचा पट्टाही रायफलीवर चढवलेला ठेवू नका. आणि जानेवारीत रेंजवरून आल्यावर थंडगार रायफल गरम घरात उघडू नका. लोखंडावर लगेच दव धरतं, नळीच्या आतही. पेटी बंद ठेवून तीनचार तास थांबायचं, मग उघडायचं. आमच्या क्लबात ‘मी तर प्रत्येक वेळी तेल लावतो, तरी’ म्हणणाऱ्या दोघांचं कारण हेच निघालं.

दुर्बिणीतलं धुकं

दुर्बीण नंबर ३२, मार्क ३. ही मुळात ब्रेन मशीनगनसाठी योजलेली होती, म्हणून इतकी दणकट. मोठेपणा जेमतेम तीनपट. आत एक टोकदार खांब आणि एक आडवी तार. आजच्या दुर्बिणींसारखा नायट्रोजन भरलेला नाही. आत साधी हवा, आणि सांध्यांना ग्रीसची सील. हे लक्षात घेतलं की अर्धं काम झालं.

धुकं म्हणजे काय हे आधी ठरवा. चार वेगवेगळी दुखणी एकसारखी दिसतात आणि प्रत्येकाचा उपाय दुसऱ्याला मारक आहे.

पहिलं, खरी वाफ. दुर्बीण गार केली की दिसते, खोलीत आणली की तासा-दोन तासांत जाते. दुसरं, तेलाचा पडदा: जुन्या ग्रीसमधलं तेल उडून भिंगावर बसतं. हा गार-गरमने बदलत नाही, दिव्याकडे पाहिलं की सगळीकडे दुधाळ उजेड पसरतो. तिसरं, बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. कोकणात किंवा गोव्यात दोन पावसाळे बंद कपाटात राहिलेला कॅमेरा ज्यांनी उघडलाय त्यांना ओळख करून द्यायला नको. चौथं, भिंगांमधला डिंक सुटणं. त्या काळी दोन भिंगं कॅनडा बाल्समने चिकटवत. तो म्हातारा झाला की पिवळा पडतो आणि काठाकडून सुटत येतो, तिथे इंद्रधनुषी कडा दिसतात.

माझ्याकडे पहिलं आणि थोडं चौथं होतं. पहिल्यासाठी हवाबंद डबा, त्यात अर्धा किलो रंग बदलणारी सिलिका जेल, मध्ये दुर्बीण, तीन आठवडे. तांदळात पुरून काही होत नाही, धूळ मात्र आत शिरते. ओव्हन, हेअर ड्रायर, हीटर यांपैकी काहीही नको: बाल्सम उष्णतेने मऊ होतो आणि पहिलं दुखणं काढता काढता चौथं वाढवाल.

वाफ गेली. पंधरा दिवसांनी परत आली. पुन्हा डबा, पुन्हा गेली, पुन्हा आली. इथे मला नळीची आठवण झाली. मी आतलं पाणी काढत होतो, ते येतं कुठून हे पाहत नव्हतो. सांध्यांतलं ऐंशी वर्षांचं ग्रीस सुकून भुकटी झालं होतं. कोरडी हवा भरलेल्या नळकांड्याच्या फटी उघड्या. रोज दिवसरात्रीच्या तापमानात आतली हवा फुगते-आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. दुर्बीण श्वास घेत होती.

सील बदलायचं म्हणजे दुर्बीण उघडायची. सुट्या भागांची मला चांगली सवय आहे, तरी हे मी केलं नाही, आणि तुम्हीही करू नये असं कळकळीने सांगतो. आतल्या तारेची जागा केसाएवढी हलली तरी दुर्बीण रायफलीशी जुळत नाही, आणि जुन्या आट्यांवर जोर दिला की पितळ निघून येतं. जुनी ऑप्टिकल उपकरणं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे दिली. त्याने आतली भिंगं पुसली, सगळे सांधे नव्याने ग्रीस देऊन बंद केले. बाल्सम सुटलेलं भिंग उघडून पुन्हा चिकटवू का, असं त्याने विचारलं. सुटलेला भाग फक्त काठावर, मधलं चित्र स्वच्छ. मी नको म्हटलं. मधोमध आलं असतं तर हो म्हटलं असतं.

नेम भटकतो

सगळे दुर्बिणीला दोष देतात. मीही दिला. प्रत्यक्षात दुर्बीण या यादीत शेवटची निघाली, म्हणून तपासणीचा क्रम मी उलटा ठेवला आहे.

प्रथम बैठकीचे पॅड. रिसीव्हरच्या (नळीमागच्या, बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाच्या) डाव्या अंगाला पुढे आणि मागे असे दोन, स्क्रूंनी पक्के केलेले. ते सैल आहेत का हे हाताने हलवून कळत नाही. पॅडच्या काठावर पातळ तेलाचा एक थेंब द्या, पुसून घ्या, मग ब्रॅकेट बसवून दुर्बिणीवर जोर देऊन सोडा, दोन-चारदा. फटीतून तेल आत-बाहेर होताना दिसलं की पॅड हलतो आहे. माझा पुढचा पॅड हलत होता. ब्रॅकेटच्या अंगठ्याने पिळायच्या स्क्रूवर पकडीचे दात उमटलेले होते. कोणीतरी वर्षानुवर्षं पकडीने आवळत होतं आणि तो सगळा जोर पॅडवर जात होता. ते स्क्रू बोटांनी, दोन्ही सारखे, आळीपाळीने आवळायचे. पॅड पुन्हा पक्का करणं गनस्मिथचं काम. मी त्यालाच दिलं, आणि त्याच वेळी हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा, तपासून घेतली. अशी रायफल झाडण्याआधी ती तपासणी झालीच पाहिजे. या रायफलीला बोल्टची डोकी ० ते ३ अशा आकड्यांची असतात, आणि दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट घातलेली रायफल विकत मिळणं ही दुर्मीळ गोष्ट नाही. विकायची झाली तर ती प्रूफमध्येही हवी, म्हणजे जास्त दाबाच्या चाचणीतून उतरून शिक्का मिळालेली. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून हेच काम करत आहे.

जोडी फोडू नका असं वर म्हटलं त्याचं कारण हे: ब्रॅकेट त्या-त्या रायफलीच्या पॅडवर बेतून बसवलेला असतो. दुसऱ्याचा ब्रॅकेट बसतो, पण टेकतो कुठेतरी एकाच कडेवर, आणि दर गोळीला थोडा सरकतो.

दुसरं, पुढचं लाकूड. नंबर ४ ची नळी मध्ये मोकळी असते आणि तोंडाकडे लाकडावर थोड्या दाबाने टेकते, साधारण दोन ते सात पौंड. लाकूड वाळून वाकलं की तो दाब जातो किंवा एका बाजूला पडतो. नळी आणि लाकडाच्या मध्ये कागदाची पट्टी घालून मागून पुढे ओढा. कुठे अडते ते पेन्सिलने लाकडावर लिहा. माझी पट्टी मध्येच डाव्या बाजूला अडत होती. तिथून कागदाएवढं लाकूड खरवडलं, चाकूने नाही, काचेच्या कडेने, चार वेळा थांबून थांबून. पुढचा ट्रिगर गार्ड स्क्रू पूर्ण आवळलेला आहे का हेही याच वेळी बघा. लाकूड आटलं की तो सैल पडतो, आणि सैल असला तर बाकीच्या तपासणीला अर्थ नाही.

तिसरं, दुर्बीण. बोल्ट काढून रायफल लाकडी शिकंज्यात पक्की धरा, खिडकीतून दूरच्या धुराड्याच्या कोपऱ्यावर खांबाचं टोक लावा. पल्ल्याचं ड्रम दहा क्लिक वर, दहा क्लिक खाली. टोक त्याच विटेवर आलं पाहिजे. माझं एक क्लिक कमी येत होतं, म्हणजे शंभर यार्डांवर साधारण एक इंच. जुन्या स्क्रूंमध्ये एवढी ढिलाई राहतेच. त्यावर उपाय: हवा तो आकडा नेहमी एकाच दिशेने गाठायचा. खाली यायचं असेल तर दोन क्लिक जास्त खाली जाऊन वर यायचं. ही सवय लागल्यावर तो एक इंच गेला.

शेवटची कसोटी म्हणून रेंजवर दुर्बीण तीन वेळा काढून तीन वेळा बसवली आणि प्रत्येक वेळी पाच गोळ्या झाडल्या, नव्या, साध्या काडतुसांच्या. तिन्ही गटांचे मध्य एकमेकांपासून इंचाच्या आत. मग दोनशे यार्डांवर सात गोळ्या. या रायफली स्वीकारताना तिथे सातही गोळ्या पाच इंचांच्या वर्तुळात मागत असत. माझ्या सहा आत, सातवी काठाला लागून बाहेर. ती रायफलीची नव्हती, चाप ओढताना मी घाई केली होती.

काडतुसं नवी होती तरी घरी आल्यावर किटली ठेवली. पेटी उघडायला तीन तास थांबायचं होतंच.